तळलेल्या तेलावरची आखाजी

भारताच्या इंधन-स्वातंत्र्याची पहाट धुळ्याला, पांझरेच्या पलीकडे देवपुरात, एका दुमजली घराच्या गच्चीवर उगवली. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे, कारण त्या घराच्या तळमजल्यावर मी भाड्याने राहत होतो आणि त्या पहाटेचा वास माझ्या खिडकीतून आत येत असे. वास तळलेल्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा होता.

घरमालकांना सगळी गल्ली आबा म्हणे. वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते, म्हणजे सरकारने त्यांना निवृत्त केलं होतं. त्यांनी स्वतः तसं काही मान्य केल्याचं दिसत नव्हतं. मी खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी रस्त्यावरून जाणारा दूधवाला आणि पोस्टमन अशा दोघांना हाक मारून आत घेतलं, पंच म्हणून उभं केलं आणि त्यांच्यासमोर फीत लावून खोली मोजली. दूधवाला सरावलेला होता. फितीचं दुसरं टोक त्याने न सांगताच धरलं.

"सोळा बाय दहा सांगण्यात आली होती," आबा म्हणाले. "सदर खोली सोळा बाय दहाच आढळून आली." मग फीत गुंडाळत घरच्या आवाजात म्हणाले, "बठ्ठं बराबर शे," म्हणजे सगळं बरोबर आहे.

आबांच्या या दोन भाषा होत्या. दोष सांगायचा असला की ते सरकारी मराठीत बोलत, निर्दोष सोडायचं असलं की अहिराणीत. त्यामुळे त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला की समोरच्या दुकानदाराला निकाल कळत असे. "सदर" ऐकल्यावर पायातली चप्पल सोडून पळालेला एक भाजीवाला मी पाहिला आहे. आबा तेव्हा निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते आणि त्याला दंड करायचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता. पण भाजीवाल्याला ते कोण सांगणार?

जगात दोनच गोष्टी खऱ्या, वजन आणि माप, बाकी सगळी मतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी कॉलेजात इतिहास शिकवतो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यात कीव होती, पण अपमान नव्हता. चहा ओतताना ते गुडघ्यावर बसत आणि डोळा कपाच्या काठाच्या रेषेत आणत. कुणाकडचे पेढे आले तर आधी रिकाम्या खोक्याचं वजन काढत. एकदा गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला गेले असताना पिंडाच्या भाताकडे बराच वेळ बघून ते माझ्या कानात म्हणाले, "अंदाजे घेतलाय." कावळा शिवायला उशीर झाला तेव्हा त्यांना त्याचं नवल वाटलं नाही.

त्यांच्याजवळ स्वतःच्या पैशाने घेतलेलं पाच लिटरचं एक पितळी माप होतं. रुंद तोंडाचं, खाली बसायला गोल कडं असलेलं, काठोकाठ भरलं की बरोबर पाच लिटर. ऑफिसची मापं ऑफिसात राहत, हे मात्र घरी, देवघराच्या शेजारच्या फळीवर. दर रविवारी सकाळी वरून लाकडी मोगरीचे ठोके ऐकू येत. पहिल्या रविवारी मी घाबरून वर गेलो. आबा मांडी घालून बसले होते, मांडीत माप होतं आणि ते आतून त्याच्या बुडावर हलक्या हाताने मोगरी मारत होते.

"लबाड लोक काय करतात सर, मापाचं बूड आत ठोकतात," ते म्हणाले. "वरून काही कळत नाही, पण आत तेवढी जागा कमी होते. माझं माप आत जाता कामा नये. म्हणून दर रविवारी."

"ते कधी आत गेलं होतं का?"

"नाही," आबा अभिमानाने म्हणाले. "कारण दर रविवारी."

मी खाली आलो. वीस-बावीस वर्षं हा नेम चालला होता असं नंतर कळलं. साऱ्या धुळे-जळगावात या एका मापाची पडताळणी कुणी केलेली नव्हती. पडताळणी करणारे आबाच होते.

आबांच्या पत्नीला आम्ही अक्का म्हणत असू. त्या बोदवडकडच्या. केळी-कापूसवाल्या घरातल्या, बोलायला मोकळ्या, आणि आबांशी इतकी वर्षं संसार केल्यामुळे कशाचंही आश्चर्य न वाटणाऱ्या. त्यांचा भाऊ, नाना, बोदवडच्या अलीकडे रस्त्यावर डिझेलचा पंप चालवी. या पंपाची गोष्ट मला आधी आबांकडून कळली, ती अशी: "एका ठिकाणी माप कमी आढळलं. सांगितलं." अक्कांकडून कळली ती थोडी लांब होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी जातात. दिवाळीला एक वेळ नाही गेल्या तरी चालतं, आखाजीला जायचंच. निंबाला झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी असतात, आमरस-पुरणपोळी असते आणि जावयाला मान असतो. अशाच एका आखाजीला आबा सासुरवाडीला गेले. जेवण झालं. पान खात खात पंपावर गेले. पिशवीतून माप काढलं. ते सासुरवाडीला जाताना माप का घेऊन गेले होते, असा प्रश्न मी विचारला तेव्हा अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "ते कुठी बिनमापाचे जातात?"

पंपावर गिऱ्हाइकं होती, ट्रकवाले होते, गावातले चार प्रतिष्ठित होते. आबांनी पाच लिटर मोजून घेतलं. डिझेल काठापासून नखभर खाली राहिलं. आबांनी दोन ट्रकवाल्यांना पंच म्हणून उभं केलं आणि म्हणाले, "सदर पंपाचे माप कमी आढळून आले आहे."

"जावई मानूस," अक्का मला सांगत होत्या, "तोंडात पान, अंगावर माह्या भावानं दिलेला टावेल, अन् त्याच्याच पंपावर उभं राहून हे असं! नाना बिचारा लाल झाला. म्हने, पाव्हनं, आमचं डिझेल कमी वाटतं तं सोताचं काढा, सोताच्या मापानं मोजा, अन् मंग या. हे म्हने, काढीन. त्याच्यावरच गाडी चालवून येईन. तोवर तुमच्या उंबऱ्यावर पाय नाही."

"आणि तुम्ही?"

"मी काय! ताट तसंच ठेवून यांच्यासंगं एस्टीत बसली."

त्याला आता सहा आखाज्या झाल्या होत्या. आबांनी अक्कांना कधी अडवलं नाही. उलट दर वर्षी ते म्हणत, "तू जाय ना, तुले कोन नको म्हनस?" पण अक्काही त्याच घरातल्या होत्या. जावई नाही आणि लेक एकटी पिशवी घेऊन उतरली, तर गाव काय म्हणेल? आणि ओटीवर बसलेल्या बायांनी विचारलं तर सांगायचं काय? तेव्हा आखाजीच्या दिवशी त्या देवपुरात राहत, पुरणपोळ्या करत, आणि संध्याकाळी उगाचच गच्चीवर जाऊन बसत. बोदवड तिथून दिसत नाही. सगळ्या गल्लीला हे माहीत होतं आणि त्या दिवशी वर कुणी जात नसे.

मी राहायला गेलो त्या वर्षी आखातात युद्ध पेटलं होतं. डिझेल महागलं, पंपांवर रांगा लागल्या, आणि आबांना एकदम देशाची काळजी वाटू लागली. त्यांच्याकडे लिलावात घेतलेली एक जुनी डिझेल जीप होती. ती बहुतेक वेळ निंबाखाली उभी असे आणि तिच्या टपावर अक्का वडे-कुरडया वाळत घालत. एका संध्याकाळी आबांनी जीपच्या बाजूला खुर्ची ठेवली, गल्ली जमवली आणि उभ्या उभ्या भाषण केलं. परक्याच्या विहिरीवर हा देश किती दिवस पोहरा सोडणार? प्रत्येक घराने आपलं इंधन आपण काढलं पाहिजे. तेलापासून डिझेल होतं. आपल्या स्वयंपाकघरांत तळणाचं तेल उरतं, ते आपण फेकून देतो. यापुढे फेकायचं नाही. देवपूर देशाला दाखवून देईल.

टाळ्या झाल्या. भाषण चांगलं होतं. मी स्वतः वाजवल्या.

अक्का दारात उभ्या होत्या. मी आत जाताना हळूच म्हणाल्या, "देश-बिश काई नाई, सर. नानाच्या पंपासाठी चाललंय हे." पण त्या हसत होत्या. मी त्यांना तशा हसताना पहिल्यांदा पाहिलं.

कल्पना खोटी नव्हती. आमच्या कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या सरांना मी विचारलं. ते म्हणाले, होतं की. तेल गरम करायचं, त्यात मेथिल अल्कोहोल आणि कॉस्टिक सोडा प्रमाणात घालून ढवळायचं, ठेवून द्यायचं. ग्लिसरीन खाली बसतं, वर राहतं ते डिझेल इंजिनात चालतं. प्रमाण मात्र बरोबर पाहिजे. हे शेवटचं वाक्य मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते एरवी कीर्तनात बघायला मिळतं. "प्रमाण," ते म्हणाले. "ते माझ्यावर सोडा."

अडचण आली ती भलतीकडूनच. आबांनी गल्लीत घरोघर एकेक पत्र्याचा डबा वाटला, त्यावर लाल अक्षरांत 'उरलेले तेल' असं लिहिलेलं होतं. महिन्याने डबे गोळा करायला आम्ही दोघं निघालो. पहिल्या डब्यात तुळस होती. दुसऱ्यात तांदूळ. तिसऱ्या घरच्या वहिनींनी डबा घासूनपुसून परत दिला, कोरडा.

"तेल?" आबांनी विचारलं.

"कोनतं तेल, आबा?"

"तळणाचं. तळून झाल्यावर जे फेकता ते."

वहिनी घाबरल्या. "फेकी देतस? तेल?" त्यांनी सासूला हाक मारली. सासूबाई बाहेर आल्या. कुणीतरी आपल्या सुनेवर तेल फेकल्याचा आरोप करतंय असं त्यांना वाटलं, आणि त्या आबांवर अशा काही बरसल्या की आम्ही डबा तिथेच सोडून आलो.

खानदेशात कुणी तळणाचं तेल फेकत नाही. पापड तळलेलं तेल शेवभाजीच्या तर्रीत जातं, भरितात जातं, मिरचीच्या खुड्यावर घ्यायला वाटीत येतं. भजीवाल्याकडे जाऊन बघितलं, तर त्याची कढई घेतल्या दिवसापासून रिकामी झालेली नव्हती, वरून भर पडत होती एवढंच. लग्नाच्या आचाऱ्याने आबांना सरळ विचारलं, "हे तुमाले दिलं तं उद्याच्या वरातीच्या भाजीले काय टाकू, पानी?" साऱ्या देवपुराच्या इंधनाची योजना ज्या उरलेल्या तेलावर उभी होती, ते तेल देवपुरात उरतच नव्हतं.

मी म्हणालो, "आबा, मग सरळ ताजं तेल घ्या. दुकानात मिळतं."

आबा थांबले. "ताजं तेल म्हणजे अन्न, सर. अन्न इंजिनात जाळायचं? उरलेलं तेल पाहिजे."

"पण उरत नाही."

ते दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सरकीच्या तेलाचे डबे आणले आणि अक्कांसमोर ठेवले. म्हणाले, "तळ."

"काय तळू?"

"काहीही. तेल उरलं पाहिजे."

देवपुराच्या इतिहासात तो फाल्गुन-चैत्र लक्षात राहील. सकाळी अक्का गच्चीवर चूल मांडत आणि तळायला बसत. बिबडे, कुरडया, पुऱ्या, पातोड्या, भजी, पुन्हा बिबडे. ऊन चाळिशीच्या वर गेलेलं, खाली चूल, वर सूर्य, आणि अक्का पदर खोचून झाऱ्याने पुऱ्या उलटताहेत. केलेलं सगळं गल्लीत वाटावं लागे, कारण आबांना अन्न वाया घालवणं पाप वाटे. गल्लीने प्रामाणिकपणे खाल्लं. माझा कंबरपट्टा दोन भोकं पुढे सरकला. शेजारच्या मारवाड्यांच्या आजींनी शेवटी हात जोडले, "अक्का, आता देवासाठी थांबा."

"माह्या माहेराचा रस्ता तळून राह्यली मी," अक्का झारा न थांबवता म्हणाल्या. "मधात थांबली तं अर्ध्या रस्त्यात उतरावं लागंल."

असं उरवलेलं तेल आबा पितळी मापाने मोजून घेत, कॉस्टिक सोनं तोलायच्या तराजूत तोलत, दूधवाला आणि मी पंच म्हणून उभे राहत असू. आणि होत काहीच नसे. ढवळून ठेवलेलं पातेलं दुसऱ्या दिवशी तसंच. खाली काही बसायचं नाही, वर काही यायचं नाही. केमिस्ट्रीचे सर स्वतः येऊन प्रमाण तपासून गेले. कागदावर सगळं बरोबर होतं. मग आबा वैतागून कॉस्टिक वाढवत, आणि वैतागाला प्रमाण नसल्यामुळे सगळ्याचा साबण होई. पिवळसर, बिबड्यांचा वास येणारा, पण साबण म्हणून उत्कृष्ट. तोही गल्लीत वाटला जाई. त्या काळात आमच्या गल्लीइतके पांढरे शर्ट धुळ्यात कुठे नव्हते, आणि आमच्यामागून फिरत तितकी कुत्रीही कुणामागून फिरत नव्हती.

चैत्र संपत आला तेव्हा बोदवडहून निरोप आला. अक्कांच्या माहेरचा एक माणूस धुळ्याला कोर्टाच्या कामाला आला होता, तो ओट्यावर टेकला आणि पाणी पिऊन म्हणाला, "तुमची म्हातारी माय म्हने, या आखाजीले नाही आली तं पुढच्या आखाजीची वाट पहायले मी काई थांबत नाई."

अक्कांनी त्याला चहा दिला, सोबत पुऱ्या बांधून दिल्या. तो गेल्यावर त्या वर गेल्या आणि चूल पेटवली. आबा जीपच्या बाजूला खुर्ची टाकून बसून राहिले. संध्याकाळी मी कॉलेजातून आलो तेव्हाही ते तिथेच होते.

"सर," ते म्हणाले, "प्रमाण बराबर शे. मंग होत कसं नाही?"

मला रसायनशास्त्र येत नाही. मी इतकंच म्हणालो की कॉस्टिक अगदी चिमूटभर वाढवून बघा, वैतागून वाढवता तसं नको. आबांना हा सल्ला आवडला नाही. चिमूट हे माप त्यांच्या कायद्यात नव्हतं. पण आखाजीला थोडेच दिवस उरले होते. त्यांनी डोळे मिटले आणि चिमूट टाकली. दुसऱ्या दिवशी पातेल्यात खाली काळसर चिकट थर आणि वर मधासारखं स्वच्छ, पातळ काहीतरी उभं होतं. आबांनी ते धुतलं, गाळलं, जीपमध्ये घातलं. जीप खोकली, पांढरा धूर सोडला आणि सुरू झाली. साऱ्या गल्लीत कुणीतरी भजी काढल्यासारखा वास पसरला. अक्का वरून बघत होत्या. त्यांनी झारा खाली ठेवला, तो त्या वर्षात पुन्हा हातात घेतला नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. पुढे आबा, शेजारी अक्का नवी साडी नेसून, मागे मी, आंब्याची पाटी आणि एक सीलबंद कॅन. त्या कॅनमध्ये आबांनी आपल्या मापाने मोजलेलं, काठोकाठ पाच लिटर घरचं डिझेल होतं. नाना म्हणाला होता ना, सोताचं काढा, सोताच्या मापानं मोजा? ते मोजून आणलं होतं, त्याला भेट म्हणून. मी पंच होतो.

पारोळ्याला चहाला थांबलो तर हॉटेलातली दोन गिऱ्हाइकं बाहेर येऊन भजी मागू लागली. एरंडोलला कुत्रं वेशीपर्यंत सोडायला आलं. जीप सावकाश चालत होती, चढावर बैलगाड्या आम्हाला मागे टाकत होत्या. दर थोड्या अंतराने उतरून आबा फिल्टर साफ करत. नववीतल्या मुलीसारख्या अक्का दर गावाची पाटी वाचून दाखवत होत्या. भुसावळ गेलं, वरणगाव गेलं. ऊन भाजत होतं. उतरत्या दुपारी दूर पंपाचा पत्रा चमकला, तसा अक्कांनी पदर सावरला आणि मग पुन्हा सावरला.

नाना पंपावरच होता. त्याला कळलं होतं, खानदेशात जीपपेक्षा बातमी लवकर पोचते. पंपाभोवती अर्धं गाव जमलं होतं. सहा वर्षांपूर्वीचे प्रतिष्ठित होते, ट्रकवाले तेवढे नवे होते. पंपाच्या मागेच घर. जीप थांबली तशा अक्का उतरल्या, भावाकडे बघितलं न बघितलं असं केलं, आणि सरळ घरात गेल्या. आतून एका म्हाताऱ्या बाईचं रडणं आणि हसणं एकदम ऐकू आलं.

बाहेर पुरुषांना अजून राष्ट्रीय काम होतं. आबा खाली उतरले. कपडे झटकले. "सदर वाहन," त्यांनी सुरुवात केली, "धुळ्यापासून येथपर्यंत संपूर्णपणे घरगुती इंधनावर आणण्यात आले आहे. पंच सोबत आहेत." मी मान हलवली. "तसेच सदर इंधन पाच लिटर, मोजून, भेट म्हणून देण्यात येत आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानाने कॅन घेतला, सील फोडलं, वास घेतला. "पाव्हनं, हे तं आखाजीचं तळन दिसतं!" सगळे हसले. आबाही थोडेसे हसले. मग नाना म्हणाला, "मोजू का?"

"मोजा. मोजायलाच आणलंय."

पंपावर सरकारी शिक्क्याचं माप असतं, पाच लिटरचं, वर अरुंद गळा आणि गळ्यावर रेघ. नानाने कॅन त्यात ओतायला सुरुवात केली. रेघ आली. कॅनमध्ये अजून होतं. नानाने वर बघितलं. ओतलं. गळा भरला, काठावरून सांडलं, त्याच्या हातावरून जमिनीवर आलं, आणि कॅनमध्ये अजूनही थोडं हिंदकळत होतं.

"पाव्हनं," नाना म्हणाला, "तुमी जास्त आनलं."

टाळ्या वाजवणारे थांबले. कुणाला काही समजलं नव्हतं. जास्त आणणं म्हणजे चांगलंच की. पण आबांना समजलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ते जीपकडे गेले, पिशवीतून पितळी माप काढलं आणि उपडं केलं. कड्याच्या आत अंगठा घातला आणि बुडावरून फिरवला. सपाट असायला हवं तिथे बूड बाहेर आलं होतं, पोळी तव्यावर फुगायला लागते तसं. वीस-बावीस वर्षं दर रविवारी आतून मारलेल्या मोगरीने ते आत जाऊ दिलं नव्हतं, बाहेर घालवलं होतं. फाल्गुन-चैत्रात पातेल्यात काही बसत का नव्हतं, तेही मला तेव्हा कळलं: मापात तेल जास्त येत होतं आणि कॉस्टिक मात्र पाच लिटरांपुरतंच पडत होतं.

नानालाही कळलं असावं. तो पंपवाला माणूस, त्याला मापाचं बूड कळतं. सहा वर्षं त्याने या क्षणाची वाट पाहिली होती आणि आता अर्धं गाव साक्षीला होतं. त्याने आबांच्या हातातल्या मापाकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे. आत झोक्याच्या कड्या कुरकुरत होत्या.

"ऊन लई हाये, पाव्हनं," तो मोठ्याने म्हणाला. "तेल फुगतं उन्हानं. धुळ्याहून आनलं, फुगनारच."

सुटका समोर ठेवलेली होती. गावाने मान डोलावली. मी पंच म्हणून मान डोलावायला तयार होतो. आबांनी मापाच्या बुडावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला.

"इतकं फुगत नाही," ते म्हणाले. मग वळले, माझ्याकडे बोट करून पंच म्हणून खूण केली आणि सुरुवात केली, "सदर पंप..." पुढचा शब्द सरकारी मराठीत मिळेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. शेवटी घरच्या आवाजात म्हणाले, "पंप बराबर व्हता, नाना. त्या दिवशी बी. मनं माप मोठं शे."

नानाने आबांच्या हातातून माप घेतलं, बाजूला ठेवलं आणि पाय धुवायला पाण्याचा तांब्या आणायला सांगितलं. जावयाला पाय धुवायला पाणी देतात. आबांनी उंबऱ्याबाहेर पाय धुतले आणि आत गेले.

संध्याकाळी अक्का झोक्यावर होत्या, त्यांची आई खाटेवर बसून दोरी धरून होती, डोळ्यांना दिसत नसतानाही. आबा ओट्यावर आमरसाची वाटी घेऊन बसले होते. वाटी किती भरली आहे हे त्यांनी पाहिलं नाही. गावकऱ्यांना या सगळ्यातून काय कळलं कोण जाणे. पण रात्री जेवताना एक प्रतिष्ठित गृहस्थ उभे राहिले आणि घरगुती इंधन ही काळाची गरज आहे, यावर त्यांनी पंधरा मिनिटं भाषण केलं. आबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

परतीला घरचं डिझेल उरलेलं नव्हतं. जीप नानाच्या डिझेलवर धुळ्याला आली. नाना पंपावर टाकी भरत असताना आबा दुसरीकडे तोंड करून रस्त्यावरच्या गाड्या बघत उभे होते. देवपुरात गल्लीत शिरलो तेव्हा कुत्री आमच्यावर भुंकली. वास बदलला होता.

पितळी माप नानाकडेच राहिलं. आबांनी ते मागितलं नाही, आणि रविवारी वरून आवाज येणं बंद झालं. पहिले काही रविवार मला उशिरापर्यंत जाग येत नसे, कारण त्या ठोक्यांनीच जाग यायची सवय झाली होती. जीप पुन्हा निंबाखाली उभी राहिली आणि तिच्या टपावर कुरडया आल्या. देवपुराकडून देशाने आणखी काही घेतलं नाही. साबण पुढच्या आखाजीपर्यंत पुरला.

पुढच्या आखाजीला अक्का एस.टी.ने गेल्या. आबांना आंघोळीला उशीर झाला म्हणून त्या एकट्याच पुढे निघाल्या, आबा दुपारच्या गाडीने पोचले. ओटीवरच्या बायांनी काही विचारलं का, असं मी त्या परत आल्यावर विचारलं. "इचारलं ना," अक्का म्हणाल्या. एस.टी.ने जीपपेक्षा तीन तास लवकर पोचवलं, एवढंच त्यांनी बायांना सांगितलं होतं.